विधवा मातेचे विद्यार्जन : पंडिता रमाबाईंचे चरित्र



वैनगंगेच्या काठच्या आपल्या गावांत पतीच्या मरणाने एकाकी पडलेल्या व पदरी लहान मूल असलेल्या स्त्रिया किती आहेत, हे आपण जाणताच. कोणाचा धनी हिवतापाने गेला, कोणाचा दारूने गेला, कोणी मोहफुले वेचावयास किंवा गुरे चारावयास रानात गेला असता वाघाच्या तोंडी पडला. अशा घरी दोन दिवस गाव गोळा होते. मंडळीतील बंधुभगिनी जाऊन प्रार्थना करितात, पायलीभर तांदूळ देऊन येतात, आणि मग रोवणीचे दिवस आले म्हणजे जो तो आपापल्या बांधावर निघून जातो. ती स्त्री मात्र आपल्या लेकरासह तेथेच राहते.

दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका तरुण विधवेने आम्हांस एक प्रश्न विचारिला. मुलास आजीपाशी ठेवून परिचारिकेचे शिक्षण घेण्यास शहरी जाऊ काय, असे तिचे विचारणे होते. आम्ही पाळक, म्हणून आमच्या शब्दास तिच्या लेखी वजन होते. लेकरू लहान आहे, आईने लेकरापाशीच असावे, असे आम्ही तिला सांगितले, आणि तिने आमचे ऐकिले. आज ती रोजाने रोवणीस जाते, उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडिते, आणि तिचा मुलगा सातवीनंतर शाळेत गेला नाही. आम्ही दिलेला सल्ला धर्माचा होता की केवळ रूढीचा, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात सलत आहे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही सेमिनरीत शिकत असता वाचिले होते. त्या वेळी त्यांची विद्वत्ता आम्हांस दिसली, त्यांचा विश्वास दिसला, केडगावचे मोठे काम दिसले. अलीकडे तेच चरित्र पुन्हा हाती घेतले, तेव्हा पूर्वी न दिसलेली गोष्ट दिसली. ही स्त्री चोवीसाव्या वर्षाच्या आत विधवा झाली होती, तिच्या कडेवर एक वर्षाचीही न झालेली मुलगी होती, आणि त्या मुलीस घेऊनच ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. त्या दृष्टीने हे चरित्र आम्ही आज आपणांपुढे मांडीत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. तरुणपणी पुण्यास शिकत असता त्यांनी पेशव्यांच्या घरातील स्त्रीस संस्कृत शिकविले जाताना पाहिले होते, आणि आपल्या पत्नीसही शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्या काळी स्त्रीने संस्कृत शिकणे हे पाप मानीत असत. आप्तांचा व गावाचा विरोध झाला, म्हणून शास्त्रीबोवा रानात जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस शिकविले. पुढे लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंस शिकविले. घरकाम सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या वेळी, ती माउली मुलीस जवळ घेऊन श्लोक म्हणून घेई. अशा रीतीने भागवताचे सहस्रावधी श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले. रमाबाईंची पहिली शाळा म्हणजे त्यांची आई, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

परंतु ह्या कुटुंबाजवळ विद्या होती, पोटास नव्हते. अतिथींच्या सेवेत द्रव्य संपले, कर्ज झाले, आणि सर्व कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत हिंडू लागले. हातांनी करावयाचे कोणतेच काम ह्या मंडळींस शिकविलेले नव्हते. सन १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्याकडे दुष्काळ पडला, तेव्हा पुराण ऐकून दक्षिणा देणारे कोणी उरले नाहीत. प्रथम वडील वारले, काही काळाने आई वारली, नंतर वडील बहीण वारली. आईचे प्रेत उचलावयास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली, तिसरा भाऊ झाला, आणि चवथ्या जागी स्वतः रमाबाईंनी खांदा दिला. त्यांची उंची कमी असल्यामुळे तिरडीचा भार त्यांस डोक्यावर घ्यावा लागला. भुकेने माणूस कसे मरते, आणि हाती धंदा नसला म्हणजे विद्वानाचेही घर कसे बुडते, हे रमाबाईंनी त्या वयात डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांनी जे केले, त्याचे मूळ ह्या पाहण्यात आहे असे आम्हांस वाटते.

बहीणभाऊ दोघे सहस्रावधी मैल पायी हिंडले व सन १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली, आणि त्यांचे संस्कृत ज्ञान पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. सर्व बंगालभर त्यांचे नाव झाले. तथापि नाव झाले म्हणून दुःख टळले नाही. सन १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास ह्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या अन्य जातीच्या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. १६ एप्रिल १८८१ रोजी त्यांस मुलगी झाली, तिचे नाव त्यांनी मनोरमा ठेविले. लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सिल्चर येथेच त्यांच्या हाती प्रथम आली. पुढे ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या विकाराने पतीचा अंत झाला. संसार दोन वर्षेही टिकला नव्हता.

आता ह्या स्त्रीची स्थिती पाहा. आईबाप नाहीत, बहीणभाऊ नाहीत, नवरा नाही. जातीबाहेर लग्न केल्यामुळे ना माहेरच्यांचा आधार, ना सासरच्यांचा. पदरी दहा महिन्यांची मुलगी. त्या काळच्या रूढीप्रमाणे विधवेने डोके मुंडून, एका कोपऱ्यात बसून, कोणाच्या तरी घरचे दळणकांडण करीत आयुष्य संपवावयाचे. रमाबाईंनी तसे केले नाही. त्या मुलीस घेऊन महाराष्ट्रात आल्या व सन १८८२ मध्येच पुण्यास त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. स्त्रियांनी एकत्र जमून आपल्या उन्नतीचा विचार करावा, हा त्याचा हेतु होता. त्याच वर्षी त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमिलेले हंटर साहेबांचे कमिशन पुण्यास आले, तेव्हा त्यापुढे साक्ष देऊन रमाबाईंनी स्पष्ट मागणी केली, की मुलींच्या शाळांसाठी स्त्रिया शिक्षक व तपासनीस म्हणून तयार कराव्या, आणि स्त्रियांस वैद्यकी शिकण्याची वाट मोकळी करावी.

परंतु दुसऱ्यांस शिकवावयाचे म्हणजे आपले ज्ञान पुरे आहे काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारिला. संस्कृतात त्यांच्या तोडीची स्त्री देशात नव्हती. असे असता त्यांनी ठरविले, की आपण इंग्रजी व वैद्यक शिकले पाहिजे आणि त्यासाठी विलायतेस गेले पाहिजे. पदवी मिळालेली व सभेत मान मिळालेली माणसे पुन्हा पाटीपेन्सील हाती घेण्यास लाजतात. रमाबाई लाजल्या नाहीत. तसेच त्या कोणाच्या भिकेवरही निघाल्या नाहीत. प्रवासाचा खर्च त्यांनी आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून केला. इंग्लंडात वाँटेज ह्या गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय होती. तेथे हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींस मराठी शिकवावे आणि त्याबद्दल आपणांस राहण्याजेवण्याची व शिकण्याची सोय मिळावी, असा तो व्यवहार होता. सन १८८३ मध्ये दोन वर्षांची मनोरमा व आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण ह्यांसह त्या आगबोटीत बसल्या.

तेथे पोहोचल्यावर काही महिन्यांतच त्या मैत्रिणीचा अतिशय दुःखदायक रीतीने अंत झाला, आणि परक्या देशात रमाबाई पुन्हा एकट्या पडल्या. अशा स्थितीत त्यांनी एक गोष्ट पाहिली, तिने त्यांचे मन पालटले. वाँटेजच्या भगिनी पतित झालेल्या स्त्रियांस आश्रयगृहात घेत, त्यांची सेवा करीत आणि त्यांस नव्याने उभे करीत. समाजाने ज्यांस कायमचे टाकून दिले, त्यांजवर हे लोक इतकी प्रीती का करितात, असे रमाबाईंनी विचारिले. उत्तरादाखल त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीपाशी बसलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. टाकलेल्या स्त्रीस जवळ करणारा तारणारा त्यांस तेथे भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने अडचणी सरल्या असे आमच्या कोणा वाचकाने समजू नये. वैद्यक शिकण्याचा बेत फसला, कारण त्यांस ऐकू कमी येऊ लागले होते, आणि ज्यास नीट ऐकू येत नाही त्यास ती विद्या घेता येत नाही. वर्षानुवर्षे मनात धरलेला हेतु असा एका दोषामुळे मोडला. कोणी असते तर हातपाय गाळून परत फिरते. रमाबाईंनी शिक्षिकेचा मार्ग धरिला. सन १८८४ पासून सन १८८६ पर्यंत त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात होत्या. तेथे त्या संस्कृत शिकवीत, आणि आपण स्वतः इंग्रजी, गणित व सृष्टिविज्ञान शिकत. त्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील ह्यांनी त्यांस मोठ्या ममतेने वागविले.

ह्याच काळात त्यांस आणखी एक झुंज द्यावी लागली. ज्यांच्या आश्रयास त्या होत्या, त्यांच्यापैकी काहींस वाटे की ह्या नवख्या ख्रिस्ती बाईने प्रत्येक गोष्टीत वरिष्ठांचे ऐकावे, कोणास शिकवावे व कोणास शिकवू नये हे बिशपांनी ठरवावे, आणि मनोरमेस धर्माचे शिक्षण कसे द्यावे हेही दुसऱ्यांनी ठरवावे. रमाबाई उपकार विसरल्या नाहीत. पण मुलगी माझी आहे, तिची जबाबदारी देवाने मजवर ठेविली आहे, आणि माझी विवेकबुद्धी मी कोणास गहाण देणार नाही, हे त्यांनी नम्रपणे परंतु ठाम सांगितले. आश्रय देणाऱ्याने आश्रिताच्या मुलाचे मालक होऊ नये, हा धडा आम्ही मंडळीच्या पुढाऱ्यांनी येथे घ्यावयाचा आहे.

सन १८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या. त्यांच्या आप्त आनंदीबाई जोशी ह्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकत होत्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली. तो समारंभ पाहावा व परतावे, एवढाच रमाबाईंचा बेत होता. परंतु फिलाडेल्फियात त्यांनी लहान मुलांची एक नवी शिक्षणपद्धती पाहिली. फ्रोबेल नावाच्या जर्मन गुरूने ती काढिली असून तीस किंडरगार्टन म्हणजे बालोद्यान म्हणतात. तीत मूल खेळता खेळता, हातांनी वस्तु करता करता शिकते. अठ्ठावीस वर्षांच्या ह्या पंडितेने पुन्हा विद्यार्थिनी होऊन त्या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. हिंदुस्थानातील विधवांस हे शिकविले, तर त्या शिक्षिका होतील व आपल्या पायांवर उभ्या राहतील, असा त्यांचा विचार होता.

येथे एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या दिवसांत मनोरमेस त्यांस सतत जवळ ठेविता आले नाही. गावोगाव व्याख्याने देत फिरताना लहान मुलीस बरोबर नेणे शक्य नव्हते, म्हणून तिला काही काळ इंग्लंडातील भगिनींपाशी ठेवावे लागले. पाच वर्षांची मुलगी समुद्रापलीकडे आणि आई अलीकडे. आईच्या मनास काय वाटले असेल, हे ज्या मातांनी पोटासाठी लेकरे मागे ठेविली आहेत त्यांसच कळेल. आम्ही ज्या भगिनीस घरी राहण्याचा सल्ला दिला, तिच्यापुढे हीच अडचण होती. रमाबाईंनी ती सोसली. मुलगी त्यांस नकोशी होती म्हणून नव्हे; मुलीचे आणि मुलीसारख्या हजारोंचे कल्याण त्या शिक्षणावर अवलंबून होते म्हणून.

अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते सन १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, आणि विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे चालविण्याचे त्याने पत्करिले. १ फेब्रुवारी १८८९ रोजी रमाबाई मुंबईस उतरल्या, व ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडिले. आरंभी मुलींची संख्या अगदीच थोडी होती. पहिल्या मुलींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. ती तेथे शिकली, सन १८९३ मध्ये प्राध्यापक धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि पुढे कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणाचे जे मोठे काम उभारिले त्यात ती त्यांची सहधर्मचारिणी झाली. रमाबाईंनी पेरलेले बीज अशा रीतीने मंडळीच्या कुंपणाबाहेरही उगवले.

सन १८९० मध्ये शारदा सदन पुण्यास नेण्यात आले. ही शाळा धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करणार नाही, असे आरंभी ठरले होते, आणि मुलींस आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. परंतु काही मुली आपखुशीने रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा पुण्यात मोठा गवगवा झाला. सन १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनी आपला संबंध सोडिला, आणि वीसपंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. वचनभंग झाला असे एका बाजूचे म्हणणे होते. आपल्या घरात मोकळ्या दाराने प्रार्थना करणे आपण सोडणार नाही, आणि कोणास बोलाविणारही नाही व हाकलणारही नाही, असे बाईंचे म्हणणे होते. त्या वादाचा निकाल लावावयास आम्ही येथे बसलो नाही. आम्हांस एवढेच दिसते, की अर्धी शाळा रिकामी झाल्यासारखी झाली तरी बाईंनी आपले काम सोडिले नाही; शाळा मोडली नाही, वाढली.

पुढे सन १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतावर त्याचा घाला फार भयंकर होता. आपला जुना चांदा जिल्हा, ज्यातून सन १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तोही त्या काळी मध्यप्रांतातच मोडत असे. बाई वैनगंगेच्या काठापर्यंत आल्या, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या प्रांताच्या दुष्काळाची हाक ऐकून त्या निघाल्या, तो आपल्याच आजापणजांचा प्रांत होय. स्वतःच्या घरचे दुष्काळातील मृत्यू त्यांस आठवले. त्या गेल्या, तेथील अन्नछत्रे व दुष्काळी कामे त्यांनी पाहिली, आणि भुकेल्या व निराधार मुलींस दुष्ट लोक कसे फसवून नेतात हेही पाहिले. सुमारे ३०० मुलींस त्यांनी आश्रय दिला. ह्या मुली बहुतेक खेड्यांतल्या, नाना जातींच्या, अक्षरशत्रु अशा होत्या. पुण्यास त्याच सुमारास प्लेग सुरू झाल्यामुळे इतक्या मुली शहरात ठेविता येईनात. तेव्हा पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर केडगाव येथे पूर्वी घेऊन ठेविलेल्या शेतावर बाईंनी त्यांस नेले. सन १८९८ मध्ये तेथे मुक्तीची इमारत अर्पण झाली. सन १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील स्त्रियांची व मुलींची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

आता ह्या मुक्तीत काय चालत असे, ते ध्यानपूर्वक ऐका; कारण रमाबाईंच्या चरित्राचा गाभा तेथे आहे. येणाऱ्या प्रत्येकीस अन्नवस्त्र मिळे, पण केवळ अन्नवस्त्रावर कोणास ठेवीत नसत. अक्षरे शिकावयाची, देवाचे वचन शिकावयाचे, आणि हातास एक तरी धंदा शिकावयाचा, असा तेथील नियम होता. कोणी शेत व बाग पाही, कोणी गाईम्हशी व दूधदुभते पाही, कोणी हातमागावर विणी, कोणी शिवण करी, कोणी घाण्यावर तेल काढी, कोणी स्वयंपाकाची व धुण्याची व्यवस्था शिके. हुशार मुली शिक्षिका होत, कोणी रोग्यांची शुश्रूषा शिकत. छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवीत व पुस्तके बांधीत. अंध मुलींस बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली जाई. पतित स्त्रियांसाठी कृपासदन, दुर्बळ वृद्धांसाठी प्रीतिसदन, अशी वेगवेगळी घरे होती. ज्या दुष्काळात शास्त्रीबोवांचे विद्वान पण धंद्यावाचून असलेले कुटुंब नष्ट झाले, त्या दुष्काळास त्यांच्या मुलीने दिलेले हे उत्तर होते.

मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. मनोरमाबाई इंग्लंडात व अमेरिकेत शिकून परत आल्या आणि आईच्या उजव्या हात झाल्या. त्यांनी शारदा सदनाचे काम सांभाळिले, पुढे मुंबई विश्वविद्यालयाची पदवी घेतली, आणि निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे मुलींसाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला. लहानपणी आईपासून दूर राहिलेली ती मुलगी आईवर रुसून परकी झाली नाही. आईचेच काम तिने आपले केले. परंतु तिची प्रकृती नाजूक होती. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळीसाव्या वर्षी, ती देवाघरी गेली. ज्या मुलीस कडेवर घेऊन रमाबाई घराबाहेर पडल्या होत्या, तिला म्हातारपणी त्यांस निरोप द्यावा लागला.

तरीही हाती घेतलेले काम त्यांनी सोडिले नाही. शेवटची कित्येक वर्षे त्या पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. विद्वानांची मराठी खेड्यांतल्या अशिक्षित स्त्रियांस समजत नाही, हे त्यांनी मुक्तीतील मुलींस शिकविताना पाहिले होते. म्हणून उतारवयात त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या, आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठीत त्यांनी सर्व शास्त्र उतरविले. संस्कृतची एवढी पंडिता, पण तिने आपली विद्या खेड्यातल्या बाईच्या जिभेपुढे नमविली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. मुक्तीच्याच छापखान्यात छापून सन १९२४ मध्ये ते संपूर्ण शास्त्र बाहेर पडले. केडगावची ती संस्था आजही चालू आहे.

वाचकहो, दुसऱ्या राजांच्या पुस्तकात एका विधवेची गोष्ट आहे. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, म्हणजे आपल्या उपदेशकांसारखाच होता. तो कर्ज ठेवून मेला, आणि सावकार तिच्या दोन मुलांस दास करून न्यावयास आला. अलीशाने तिच्या हाती पैसे ठेविले नाहीत. तुझ्या घरात काय आहे, हे त्याने विचारिले. घरात एक कुपी तेल होते. मग त्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणावयास लाविले, तेल भरावयास लाविले, ते विकून कर्ज फेडावयास सांगितले, आणि उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करावयास सांगितले. चमत्कार देवाचा होता. भांडी शेजाऱ्यांची होती. हात तिचे होते. रमाबाईंच्या घरी विद्या ही तेलाची कुपी होती, आणि जेथे जेथे भांडी मिळाली तेथून त्यांनी ती आणिली.

आपल्या मंडळ्यांत ह्या गोष्टीतील शेजाऱ्यांचे काम कोण करील? एखादी विधवा माता परिचारिकेचे, शिक्षिकेचे, शिवणाचे किंवा दुसऱ्या कशाचे शिक्षण घेण्यास निघाली, तर तिचे मूल आळीपाळीने सांभाळणारी दोन घरे मंडळीत असावी. मूठधान्यातून तिच्या गाडीभाड्याची व वह्यापुस्तकांची सोय व्हावी. तिच्या अर्जावर सही करावयास उपदेशकाने स्वतः तिच्याबरोबर कचेरीत जावे. तिच्यामागे चारचौघांत उलटसुलट बोलणे निघाले, तर वडिलांनी ते तेथेच थांबवावे. आणि मुलाविषयीचा निर्णय तिचाच राहू द्यावा. ह्यात आपणांस न झेपण्यासारखे काही नाही. आपण देतो त्या पायलीभर तांदळांहून हे थोडे अधिक आहे, इतकेच.

गेल्या महिन्यात आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो, आणि आमचा सल्ला चुकला होता हे तिच्यापुढे कबूल केले. ती धान पाखडीत होती. तिने सूप खाली ठेविले, आम्हांस पाणी दिले, आणि आम्हांस दोष दिला नाही. मात्र मुलास आता एखाद्या धंदेशिक्षणाच्या शाळेत घालता येईल काय, हे तिने विचारिले. आणि थोड्या वेळाने, खाली पाहून, आपल्या वयाच्या बाईस शिवणकामाच्या वर्गात घेतात काय, हेही विचारिले. ह्या वेळी आम्ही उपदेश केला नाही. दोन्ही ठिकाणची चौकशी करून येतो असे सांगून आम्ही उठलो, आणि पुढच्या सोमवारी ती चौकशी करून आलो. दोन्ही अर्ज गेले आहेत. आपण प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवावी, आणि आपल्या गावात असे विचारणारी कोणी आहे काय, हे पाहावे. ती आपणहून विचारील अशी वाट पाहू नये.